समुद्री गवताची कुरणं पुन्हा उभी करताना: स्वयंसेवकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यायचं ठरवलेले, नुकतेच आलेले आणि काही हंगाम काम करून आता अवघड प्रश्न विचारणारे, अशा सगळ्यांनी पाठवलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्याला जोडलेला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर निदान प्रश्न ५ वाचाच. बाकीची बरीच उत्तरं तिथूनच निघतात.

१. समुद्री गवत म्हणजे समुद्रातलं शेवाळच ना?

नाही. शेवाळाला खरी मुळं नसतात आणि फुलंही येत नाहीत. समुद्री गवत ही फुलणारी वनस्पती आहे. तिची मुळं गाळात रुजतात, गाळाखालून आडवं खोड पसरत जातं आणि त्यातून ठिकठिकाणी पानांचे जुडगे वर येतात. फुलं पाण्याखालीच उमलतात आणि पराग पाण्याबरोबर वाहत जातात. जगात तिच्या सुमारे ७० जाती आहेत. काहींचं पान बोटाच्या पेरापेक्षा लहान, तर काहींचं मीटरहून लांब. प्रत्यक्ष कामात लक्षात ठेवायचा फरक असा की शेवाळ बहुतेक वेळा खडकाला धरून वाढतं, तर मोजके अपवाद सोडले तर समुद्री गवताला वाळू किंवा गाळ लागतो. गवताच्या पानांवर शेवाळाचा जाड थर दिसला तर ते दुखणं समजा, कारण त्याखाली पानाला उजेड मिळत नाही.

२. ही कुरणं नाहीशी का होत आहेत?

सर्वात मोठं कारण गढूळ पाणी. सांडपाणी आणि शेतातली खतं समुद्रात आली की नायट्रोजन वाढतो, पाण्यात आणि पानांवर शेवाळ माजतं आणि गवत अंधारात पडतं. समुद्री गवताला पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा बराच मोठा वाटा तळापर्यंत लागतो, अनेक जातींना १० ते २० टक्के किंवा त्याहून जास्त. त्यामुळे पाणी जरा गढूळ झालं तरी खोलीकडची कड आधी मरते. त्याखेरीज बंदरांसाठी गाळ उपसणं, भराव, तळ खरवडणारी जाळी, बोटींचे नांगर आणि पंखे, उष्णतेच्या लाटा.

रोगही मोठा असू शकतो. १९३० च्या दशकात एका सूक्ष्मजीवामुळे आलेल्या साथीत उत्तर अटलांटिकमधलं ईलग्रास, म्हणजे झोस्टेरा मरिना, बहुतांश नष्ट झालं. त्याच्याच पानांवर जगणारी एक छोटी समुद्री गोगलगाय तेव्हाच पृथ्वीवरून कायमची गेली. २००९ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा असं दिसलं की १८७९ पासून मोजलेल्या क्षेत्रापैकी २९ टक्के कुरण उरलेलं नाही.

३. 'संकटग्रस्त' म्हणजे नेमकं काय? जात की कुरण?

दोन्ही असू शकतं आणि इथे बरेचदा गल्लत होते. सगळ्या जातींचा आढावा घेतला गेला तेव्हा १० जाती नामशेष होण्याच्या वाढत्या धोक्यात आढळल्या, त्यांपैकी ३ संकटग्रस्त. पण एखादी जात जगात भरपूर असूनही तिची एखाद्या खाडीतली वस्ती शेवटच्या घटका मोजत असू शकते. ऑस्ट्रेलियात पोसिडोनिया ऑस्ट्रॅलिस ही जात लांबलांबपर्यंत आढळते. तरीही न्यू साउथ वेल्समधल्या सिडनी हार्बर, बॉटनी बे, लेक मॅक्वारी अशा ठिकाणच्या तिच्या वस्त्या कायद्याने संकटग्रस्त ठरवल्या आहेत.

उलट उदाहरणही आहे. फ्लोरिडातलं जॉन्सनचं समुद्री गवत १९९८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षित यादीत आलं. पुढे जनुकीय तपासणीत ती वेगळी जात नसून आधीच माहीत असलेली हॅलोफिला ओव्हॅलिस हीच जात असल्याचं कळलं आणि २०२२ मध्ये तिला यादीतून काढण्यात आलं.

४. एवढ्या मेहनतीने मिळतं काय? कार्बनसाठीच हे सगळं आहे का?

कार्बन हे एक कारण आहे, पण तेवढ्यासाठी कोणी थंड पाण्यात उतरावं असं मला वाटत नाही. या पानांत माशांची आणि खेकड्यांची पिल्लं वाढतात. डुगाँग (समुद्री गाय) आणि हिरवं समुद्री कासव यांचं हे अन्न आहे. मुळं तळ धरून ठेवतात आणि पानं लाटांचा जोर मोडतात, त्यामुळे गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. म्हणजे कुरण दाट असलं की स्वतःला लागणारा उजेड ते स्वतःच मिळवतं. एकदा ते विरळ झालं की हेच चक्र उलटं फिरतं.

कार्बनबद्दल 'जंगलापेक्षा इतके पट' असे आकडे फिरत असतात. ते पुढे पाठवू नका. साठवणीचा वेग जातीप्रमाणे आणि गाळाप्रमाणे इतका बदलतो की एकच आकडा सगळीकडे लावता येत नाही. खात्रीने सांगता येईल ते एवढंच: मोठा साठा पानांत नसून पानांखालच्या गाळात असतो आणि तो साठायला शतकं लागतात. म्हणून उभं असलेलं जुनं कुरण वाचवणं नव्या लागवडीपेक्षा केव्हाही मोलाचं.

५. मग थेट लावायलाच का सुरुवात करत नाही? एवढे सर्वे कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्यांची तळमळ कळते. पण लागवडीआधी एक गोष्ट ठरवावी लागते: इथे गवत नाही ते बी पोचत नाही म्हणून, की इथे ते जगूच शकत नाही म्हणून?

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या अटलांटिक बाजूच्या उथळ खाड्यांतलं ईलग्रास १९३० च्या दशकातल्या साथीने आणि १९३३ च्या चक्रीवादळाने पुरतं गेलं. त्याबरोबर तिथला शिंपल्यांचा मोठा धंदाही बुडाला. पुढची कित्येक दशकं तिथे काही उगवलं नाही. पाणी मात्र स्वच्छ होतं. अडचण एवढीच होती की जवळपास बी देणारं कुरण उरलं नव्हतं. १९९९ पासून तिथे शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवकांनी मिळून ७ कोटींहून जास्त बिया पेरल्या. प्रत्यक्ष पेरणी झाली सुमारे २१३ हेक्टरांवर, आणि २०१८ पर्यंत गवत पसरलं ३,६०० हेक्टरांवर. उरलेलं काम कुरणाने स्वतःच केलं.

आता फ्लोरिडातला टॅम्पा बे पाहा. तिथे दुखणं सांडपाण्याचं होतं. प्रक्रिया केंद्रं सुधारली, नायट्रोजन कमी झाला आणि गवत बहुतांश आपणहून परतलं. २०१६ नंतर ते पुन्हा घटू लागलं, म्हणजे पाण्याची काळजी घेण्याचं काम तिथेही संपलेलं नाही. ज्या काळात ते पाणी घाण होतं तेव्हा तिथे कोट्यवधी बिया टाकल्या असत्या तरी त्या वायाच गेल्या असत्या.

म्हणून सर्वे. गढूळ पाण्यात लागवड करणं म्हणजे स्वयंसेवकांचा उत्साह आणि जिवंत कुरणातून आणलेलं बी दोन्ही मातीमोल करणं. ज्या गटाने एक वर्ष फक्त पाण्याचा उजेड मोजला आणि 'इथे नको' असा निर्णय घेतला, त्यांनी चांगलं काम केलं असंच मी म्हणेन.

६. जागा योग्य आहे हे कशावरून ठरतं?

तळापर्यंत पोचणारा उजेड, खोली, लाटांचा मारा, गाळाचा पोत, गोड्या पाण्याचं प्रमाण आणि उन्हाळ्यातलं पाण्याचं तापमान. जुने नकाशे, जुनी हवाई छायाचित्रं आणि वयस्कर मच्छीमारांच्या आठवणी या तिन्हींना आम्ही फार मान देतो. 'इथे पूर्वी जाळ्यात हिरव्या पट्ट्या यायच्या' हे एक वाक्य पुष्कळदा यंत्राच्या नोंदीइतकं कामाला येतं. तळात राहणारे प्राणीही बघावे लागतात. काही किडे वाळू इतकी वरखाली करतात की बी खोल गाडलं जातं, आणि खेकडे बिया खातात. सगळं जुळलं तरी आधी लहान तुकड्यांवर, निदान एक पूर्ण वर्ष, चाचणी.

७. बिया पेरणं चांगलं की रोपं लावणं?

जातीवर अवलंबून. ईलग्रासला भरपूर बी येतं, म्हणून तिथे बियाच बऱ्या: ज्या कुरणातून बी घेतो त्याला कमी इजा होते आणि जनुकीय वैविध्य जास्त मिळतं. मात्र समुद्रात टाकलेल्या शंभर बियांतून दहा रोपंही उभी राहत नाहीत हे मनाशी धरून चाला. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया ओशनिकाला फुलं क्वचित येतात आणि तिचं खोड वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतं, त्यामुळे तिथे वादळाने उखडलेले तुकडे लावण्यावर भर असतो.

पेरायच्या पद्धतीही अनेक आहेत. वेल्समधल्या डेल खाडीत दोन हेक्टर तळावर वाळू आणि बिया भरलेल्या तागाच्या छोट्या पिशव्या दोरांना बांधून सोडल्या. बियांची संख्या दहा लाखांच्या घरात होती. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात बांधकामात फटी भरायला वापरतात त्या बंदुकीने चिखल आणि बी यांचं मिश्रण थेट तळात भरलं गेलं. आपल्याकडे तामिळनाडूजवळच्या पाल्कच्या उपसागरात बांबूच्या चौकटींना काथ्याच्या दोऱ्या ताणून त्यात रोपं बसवली गेली आहेत.

८. बिया गोळा करताना नेमकं काय करायचं असतं?

ईलग्रासपुरतं सांगते. फुलणारी फांदी साध्या पानांहून फिकट आणि फाटे फुटलेली असते. तिच्या चपट्या आवरणात बिया एका ओळीत बसलेल्या दिसतात. फक्त तीच फांदी नखाने खुडायची, मूळ हलवायचं नाही. एका जागी थांबून सगळं ओरबाडायचं नाही: थोडं खुडायचं, पुढे सरकायचं.

आणलेल्या फांद्या वाहत्या, हवा सोडलेल्या समुद्राच्या पाण्याच्या टाकीत काही आठवडे ठेवतात. पानं कुजतात, बिया पिकून तळाशी बसतात. टाकीचा वास उग्र असतो, त्याची तयारी ठेवा. मग चाळण्या. बी साधारण तीन मिलिमीटर लांब, पिकल्यावर गडद, अंगावर उभ्या बारीक रेघा. दोन बोटांत हलकं दाबून बघायचं. टणक असेल आणि पाण्यात टाकल्यावर झरकन खाली जात असेल तर ठेवायचं, पिचकलं किंवा तरंगत राहिलं तर काढून टाकायचं. निवडलेलं बी खाऱ्या, थंड पाण्यात पेरणीच्या हंगामापर्यंत ठेवतात.

साठवणीला अपवाद आहे. पोसिडोनिया ऑस्ट्रॅलिसच्या बियांना सुप्तावस्था नसते, त्या टिकत नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॉकबर्न साउंडमध्ये स्वयंसेवक तरंगती फळं जाळीने गोळा करतात, टाकीत फळ उकललं की बी वेगळं करतात आणि ते लगेच समुद्रात परत जातं. तिथे हंगाम चुकला की पूर्ण वर्ष गेलं.

९. मला पोहता येत नाही. तरी येऊ का?

नक्की या. पाण्याखालचं काम एकूण कामाचा लहान भाग आहे. फांद्या निवडणं, चाळणं, पिशव्या भरणं, दोर बांधणं, नोंदी संगणकात भरणं हे सगळं कोरड्यावर चालतं. उधाणाच्या ओहोटीला काही कुरणं उघडी पडतात, तिथे घोट्याएवढ्या पाण्यात मोजणी होते. मात्र तिथे सगळ्यांनी ठरलेल्या एकाच वाटेने चालायचं. ओला गाळ पायाखाली दबला की आडवं खोड तुटतं, आणि दहा माणसांच्या मोकाट फिरण्याने झालेली इजा पुढच्या मोजणीत स्पष्ट दिसते.

१०. लहान मुलांना आणता येईल का?

बिया निवडायला आणि पिशव्या भरायला जरूर, त्यांची नजर आणि बोटं या कामात तरबेज असतात. गाळात मात्र मोठ्या माणसाच्या हाताला धरूनच, आणि भरती सुरू व्हायच्या बरंच आधी किनाऱ्यावर परत.

११. मोजणी कशी करतात? अंदाजाने टक्केवारी सांगणं हे शास्त्र कसं?

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या सीग्रास-वॉच या मोजणी उपक्रमाची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात: ५० मीटरचे तीन समांतर दोर, एकमेकांपासून २५ मीटरवर, आणि दोरावर ठरलेल्या अंतराने ठेवलेली ५० सेंटिमीटरची चौरस चौकट. चौकटीत गवताने किती टक्के तळ झाकलाय, कोणत्या जाती आहेत, पानांची उंची किती, पानांवर शेवाळ किती, हे लिहायचं आणि वरून फोटो घ्यायचा.

टक्केवारी नजरेनेच ठरते, पण शेजारी प्रमाण फोटोंचा तक्ता असतो आणि मोजणीआधी सगळे मिळून त्याच चौकटींवर सराव करतात. दोघांच्या आकड्यांत फार फरक आला तर थांबून पुन्हा बघायचं. आणि रिकाम्या चौकटीपुढे शून्य लिहायचंच. कोरी जागा सोडली तर दोन वर्षांनी कोणालाच कळत नाही की तिथे गवत नव्हतं की कोणी पाहिलंच नव्हतं.

१२. पेरलं, पण काहीच उगवलं नाही. आपण हरलो का?

आधी हंगाम तपासा. शरद ऋतूत पेरलेलं ईलग्रास थंडीत रुजतं आणि डोळ्यांना नीट दिसायला वसंत उजाडतो. त्यानंतरही काही नसेल तर ते लपवू नका. जगभरच्या १,७८६ लागवडींचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जगण्याचं प्रमाण ३७ टक्के निघालं, आणि मोठ्या प्रमाणावर, म्हणजे एक लाखाहून जास्त बिया किंवा रोपं वापरून केलेल्या लागवडी जास्त टिकल्या. लहान तुकडा एका वादळात जातो. मोठा तुकडा आपला तळ स्वतः धरून ठेवतो (प्रश्न ४ मधलं चक्र आठवा). म्हणून चाचणी लहान असावी, पण चाचणी यशस्वी झाली की पुढचं पाऊल हात आखडून टाकू नये, आणि सगळं एकाच जागी, एकाच वर्षी लावू नये.

१३. किनाऱ्यावर वाहून आलेलं गवत उचलून लावलं तर चालेल?

काही ठिकाणी हेच केलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट स्टीफन्समध्ये वादळानंतर स्थानिक लोक किनाऱ्यावरचे पोसिडोनियाचे हिरवे, खोड शाबूत असलेले तुकडे वेचतात. ते टाकीत जगवून, बोटींच्या साखळ्यांनी उजाड झालेल्या तळावर पुन्हा लावले जातात. पण हे परवानगीने आणि प्रशिक्षण घेऊन. तपकिरी पडलेली, खोड नसलेली पानं रुजत नाहीत.

ती पानं 'कचरा' म्हणून उचलून टाकू नका. तो ढीग वाळू धरून ठेवतो आणि त्यात बारीक जीव राहतात. त्यातलं प्लास्टिक तेवढं हाताने काढा.

१४. परवानगी लागते का? आपण तर चांगलंच काम करतोय.

लागते, बी खुडायलाही आणि पेरायलाही. नियम देशागणिक वेगळे आहेत. स्पेनच्या बॅलिएरिक बेटांनी २०१८ मध्ये पोसिडोनियावर नांगर टाकायलाच बंदी केली. भारतात २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत समुद्री गवताचे पट्टे सर्वात संवेदनशील गटात, म्हणजे १-अ मध्ये, आहेत. परवानगीला महिने जातात. हंगामावरून मागे मोजून अर्ज करा.

१५. इथली जात हळू वाढते. दुसरीकडची जोमदार जात आणली तर?

कृपा करून नको. तांबड्या समुद्राकडची हॅलोफिला स्टिप्युलेशिया ही जात आधी भूमध्य समुद्रात पसरली, मग २००२ मध्ये कॅरिबियनमध्ये आढळली, आणि आता तिथल्या मूळ गवताची जागा घेत चालली आहे. बियांबरोबर रोगही येतो. वाडन समुद्राच्या कामात ईलग्रासच्या बियांना बुरशीसारख्या जीवाची लागण सापडली होती आणि त्यावर तांब्याच्या द्रावणाची प्रक्रिया करावी लागली. म्हणूनच दोन खाड्यांमध्ये काम करताना बूट, जाळ्या आणि चौकटी धुवून वाळवूनच न्यायच्या.

त्याच जातीचं बी जवळपासच्या एकाहून जास्त कुरणांतून घेणं मात्र हिताचं असतं. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत बाल्टिक समुद्रातल्या प्रयोगात जनुकीय वैविध्य जास्त असलेले तुकडे चांगले सावरले. तरी इथेही अपवाद आहेच: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये १८० किलोमीटर पसरलेलं पोसिडोनिया हे एकच रोप आहे, हजारो वर्षं स्वतःच्याच खोडातून वाढत आलेलं.

१६. समुद्र तापतोच आहे. मग हे टिकणार कसं?

शार्क बेने २०११ च्या उष्णतेच्या लाटेत आपल्या गवताचा मोठा हिस्सा गमावला, त्यामुळे ही भीती खरी आहे. पण स्वच्छ पाण्यातलं, नीट उजेड मिळणारं गवत तीच उष्णता जास्त सोसतं. पाण्याचं तापमान आपल्या हातात नाही, गढूळपणा बराचसा आहे. प्रश्न ५ पुन्हा वाचा.

१७. मच्छीमारांना आणि बोटवाल्यांना कसं पटवायचं?

पटवायला जाण्याआधी विचारायला जा. जागा निवडतानाच त्यांना बरोबर घ्या (प्रश्न ६). बोट बांधून ठेवायच्या जागी साखळी वाऱ्याबरोबर गोल फिरते आणि तळावर उजाड वर्तुळ खरवडते. पाण्यात उतरून किंवा ड्रोनच्या फोटोत ते वर्तुळ एकदा दाखवलं की फार बोलावं लागत नाही. साखळी तळापासून वर उचललेली ठेवणारी बांधणी मिळते. तिचा खर्च बोटमालकावर ढकलू नका, तो प्रकल्पातच धरा.

१८. लावलेलं गवत कासवांनी खाल्लं. आता काय?

हे खरंच घडतं आणि इथे सोपं उत्तर नाही. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांनी वेढलेल्या उथळ पाण्यात, हिरव्या कासवांची संख्या वाढल्यावर त्यांनी एकेका बेटाभोवतीचं गवत इतकं चरलं की कुरणं कोसळली, आणि मग कासवं पुढच्या बेटाकडे गेली. बर्म्युडात उरलेल्या तुकड्यांवर जाळीचे पिंजरे ठेवून गवत वाचवावं लागलं. कासव संरक्षित आहे, त्याला हाकलणं कोणत्याही परिस्थितीत नाही. सुरुवातीची वर्षं पिंजरा, आणि चराईचा भार वाटला जावा म्हणून आसपासची कुरणंही राखणं, एवढं करता येतं. पिंजरा दर काही आठवड्यांनी घासून साफ करावा लागतो, नाहीतर जाळीवर वाढलेलं शेवाळच आतल्या गवताचा उजेड अडवतं.

१९. आम्हाला नोंद नसलेला एक पट्टा सापडलाय. काय करू?

तुडवू नका, उपटून नमुना आणू नका. एक फोटो जवळून, ज्यात पानाचं टोक आणि शिरा दिसतील, आणि एक लांबून. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा, ठिकाण, वेळ आणि भरती-ओहोटीची स्थिती लिहून घ्या. सीग्रास-स्पॉटर या अ‍ॅपवर नोंद टाकता येते. जात ओळखता आली नाही तरी चालेल, फोटोवरून जाणकार ओळखतात. पट्ट्याच्या जवळ भराव किंवा गाळउपसा होणार असल्याचं कानावर आलं असेल तर तेही त्याच दिवशी आम्हाला कळवा, कारण काम सुरू होण्याआधीची तारखेसह नोंद नसेल तर तिथे गवत होतं हे नंतर सिद्ध करणं फार कठीण जातं.